जिप्सम बोर्डामागे बुरशी : दोष बोर्डाचा की भिंतीतल्या ओलीचा? (सांगली) मदत हवी आहे

नमस्कार. सांगलीच्या गावभागात आमचे जुने, बैठे घर आहे. भिंती जाड, भाजक्या विटांच्या आणि चुन्यात बांधलेल्या असून जोत्यावर डीपीसी (जमिनीतली ओल वर चढू न देणारा थर) नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा घरात पाणी होते, आणि जुलै २०२१ च्या पुरातही ते पुन्हा आले. तेव्हापासून भिंतींचे पोपडे सुटणे थांबलेले नाही.

त्यावर उपाय म्हणून गेल्या उन्हाळ्यात एका कंत्राटदाराने पत्र्याच्या चॅनेलवर जिप्सम बोर्ड ठोकून भिंती झाकून दिल्या. कोटेशनमध्ये ‘ओलाव्यास प्रतिकारक हिरवा बोर्ड’ असे स्पष्ट लिहिलेले आहे. यंदा पावसाळ्यात खालून कमरेइतक्या उंचीपर्यंत काळपट ठिपके उमटले, म्हणून पलंगामागचा एक तुकडा सुताराकडून कापून घेतला. त्याच्या मागचा कागद काळाहिरवा झाला होता, गाभा नखाने उकरला तरी भुगा पडत होता आणि पुढची पुट्टी खरवडल्यावर दर्शनी कागद हिरवा नव्हे, साधा मळकट पांढरा निघाला. कंत्राटदाराचे म्हणणे, पुराच्या भागात असे व्हायचेच; दुकानदाराचे म्हणणे, बिलावर साधाच बोर्ड आहे आणि मागितला तोच दिला.

बोर्ड बदलला गेला हे उघड आहे. तरीही हिरवा बोर्ड असता तर निभावले असते, असे मला वाटत नाही, कारण तो दमटपणा सोसतो, सतत ओल्या भिंतीचा शेजार नव्हे. उघड्या विटांवरची पांढरी भुकटी पाण्यात विरघळते, म्हणजे ती बुरशी नसून लोणा (ओलीबरोबर बाहेर आलेले क्षार) आहे. विटांवर प्लॅस्टिकचा कागद चारही कडांनी चिकटवून ठेवला असता थेंब भिंतीकडच्या बाजूला जमले. त्यावरून ओल खोलीच्या हवेतून नव्हे, भिंतीतूनच येते आहे.

जाणकारांना विचारायचे ते असे. कागदात शिरलेली बुरशी ब्लीचने पुसून जात नाही, हे माहीत आहे. पण वरचा कोरडा दिसणारा भाग राखता येईल, की आतल्या पोकळीमुळे सगळेच काढावे लागेल? भिंत उघडी केल्यावर एक इंजिनिअर वॉटरप्रूफ सिमेंट प्लास्टर सुचवतात. त्याने ओल कोंडून आणखी वर चढेल अशी मला भीती आहे, आणि माझा कल चुन्याच्या गिलाव्याकडे आहे. अशा जाड, चुन्यातल्या भिंतीला भोके पाडून रसायन भरण्याचा डीपीसीचा उपाय कोणी स्वतः करून पाहिला आहे का? दोन पावसाळ्यांनंतरचा अनुभव मिळाल्यास फार बरे होईल. (रंगाच्या कंपन्यांची जाहिरातपत्रके भरपूर वाचून झाली आहेत.)

दुसरा प्रश्न तक्रारीचा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे जिल्हा आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत आहे, त्यामुळे वेळ आहे. १९१५ या हेल्पलाइनवर नोंदही करणार आहे. अडचण अशी की, पुरावा म्हणून बोर्ड जागेवर राहायला हवेत आणि आईला दमा असल्यामुळे ते लवकरात लवकर निघायला हवेत. सध्या तिची झोपायची व्यवस्था पुढच्या खोलीत केली आहे. फोटो, तुकड्यांचे नमुने आणि त्रयस्थ इंजिनिअरचा लेखी अहवाल एवढ्यावर बोर्ड उतरवले तर आयोगापुढे चालते का, की उतरवण्यापूर्वी कंत्राटदाराला नोटीस पाठवून पाहणीस बोलावणे आवश्यक आहे? दुकानदारालाही सामनेवाला करावे का, हेही कृपया सांगावे.