पहिली सेंटरफायर रायफल: मर्यादित पैसा रायफलीवर घालावा की दुर्बिणीवर?

प्रश्न:
तीन वर्षे पॉइंट टू टू रिमफायरवर (काडतुसाच्या बुडाच्या कडेवर आघात होऊन बार होणाऱ्या रायफलीवर) सराव केल्यानंतर आता पहिली सेंटरफायर (बुडाच्या मध्यावर आघात होणारी) रायफल घेण्याचे ठरवले आहे. परवान्याची पूर्तता झाली आहे. १०० ते ३०० मीटरवरील कागदी निशाणावर नेमबाजी करायची आहे, शिकार नाही. मनात ३०८ विंचेस्टर काडतुसाची रायफल आहे; परंतु चांगली रायफल घेतली तर तिच्यावर बसवायच्या दुर्बिणीसाठी फारच थोडे पैसे उरतात. काटकसर कुठे करावी?

उत्तर १:
काटकसर काडतुसाच्या निवडीतच करावी, असे माझे मत आहे. साधारण सारख्या वजनाच्या रायफलींत २२३ रेमिंग्टन या लहान काडतुसाचा धक्का ३०८च्या जेमतेम पाव भाग असतो आणि काडतुसेही सहसा स्वस्त पडतात, त्यामुळे तेवढ्याच पैशांत सराव कितीतरी अधिक होतो. मी स्वतः ३०८पासून सुरुवात केली होती. एकदा सोबत्याने मला न सांगता एक निकामी सरावी काडतूस मध्येच भरून ठेवले. मी चाप ओढला, बार झाला नाही, पण नळीचे तोंड मात्र चांगले बोटभर खाली झुकले. धक्क्याच्या धास्तीने शरीर आधीच आकसत होते आणि इतके दिवस मी दुर्बिणीला दोष देत होतो! २२३ घेताना नळीतील पीळ (गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचांचा वेढा) मात्र तपासा. आठ इंचांत एक फेरा असेल तर ६९ ते ७७ ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे एकक) जड गोळ्याही स्थिर राहतात. बारा इंचांत एक असेल तर ५५ ग्रेनच्या आसपासच थांबावे लागते.

उत्तर २:
वरील मताशी निम्माच सहमत आहे. ३०० मीटरवर आडवा वारा हलक्या गोळीला अधिक ढकलतो, तेव्हा ३०८चा विचार अगदीच चुकीचा नाही. दुर्बिणीबाबत म्हणाल, तर साध्या बोल्ट रायफलीवर (प्रत्येक बारानंतर हाताने खटका ओढून काडतूस भरायच्या) ३-९×४०, म्हणजे तीन ते नऊ पट मोठे दाखवणारी व ४० मिलिमीटर भिंगाची दुर्बीण पुरेशी आहे. नऊ पटीवरही डोळ्याकडे येणारा प्रकाशझोत सुमारे ४.४ मिलिमीटरचा राहतो, तर नेम जुळवायच्या चकतीच्या पाव मिनिटाच्या (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) एका टिचकीने १०० मीटरवर नेम सुमारे ७ मिलिमीटर सरकतो. अधिक पटींपेक्षा टिचक्या खऱ्या असणे महत्त्वाचे: वीस टिचक्या वर, वीस खाली फिरवून गोळी पुन्हा त्याच जागी पडते का, हे पाहावे. आणि दुर्बीण रायफलीवर धरून ठेवणारी बैठक व कड्या स्वस्तातल्या घेऊ नका. माझ्या कडीचे स्क्रू सैल झाले होते. दोन सत्रे मी नेम जुळवत राहिलो, आणि दुर्बीण प्रत्येक बारागणिक केसभर पुढे सरकत होती.

उत्तर ३:
एक भर घालतो. रिमफायरवर डोळा काचेजवळ नेण्याची सवय लागली असेल, तर ती आधी मोडा. दुर्बीण डोळ्यापासून सुमारे ९ सेंटिमीटरवर बसवा, आणि कड्या आवळण्यापूर्वी तुम्ही ज्या स्थितीत नेम धरता त्याच स्थितीत गाल दस्त्यावर टेकवून अंतर पाहा. धक्क्याने मागे येणाऱ्या दुर्बिणीची कड लागून माझ्या भुवईवर पडलेली अर्धचंद्राची खूण अजून आहे.