इंजिनाआधी पत्रा तपासावा
१९६८ च्या डॉज चार्जर या जुन्या अमेरिकी मोटारीचे ३८३ घनइंचांचे व्ही-८ (आठ सिलिंडरचे) इंजिन सुरू होते, एवढ्यावरच ती गाडी विकत घ्यावी, असे एक मत मांडले गेले आहे; ते मला पटत नाही. या गाडीला वेगळी चासी (खालचा स्वतंत्र सांगाडा) नसते, बॉडीच सारा भार पेलते. त्यामुळे मागच्या काचेच्या खालच्या कडेतून पाणी झिरपून डिकीचा तळ गंजला असेल, किंवा पुढच्या सस्पेन्शनचे टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचे काम करणारे पोलादी दांडे) ज्या आडव्या तुळईत अडकवलेले असतात तीच कुजली असेल, तर इंजिन कितीही सुरेल वाजले तरी गाडी रस्त्यावर नेणे धोक्याचे आहे. पत्रा शाबूत असल्यास फिकट झालेला मूळ रंग कृपया खरवडू नये. आधी ब्रेकचे रबरी होज, पेट्रोलची टाकी आणि जुने टायर बदलून गाडी चालवत राहावे.