डिस्नेलँड उघडणार म्हणे, पण कोणासाठी?

फोंड्याहून, ७ मार्च २०२१

मंडळी, नमस्कार.

कालपासून आपल्या ईमेल-यादीतल्या निम्म्या लोकांनी मला एकच बातमी पाठवली आहे: कॅलिफोर्नियातली थीम पार्क १ एप्रिलपासून उघडू शकतात. दोघांनी तर अभिनंदनही केलं, जणू फीत कापायला मलाच बोलावलंय. बातमी शेवटपर्यंत वाचली का हो कोणी? खाली स्पष्ट लिहिलंय, प्रवेश फक्त राज्यात राहणाऱ्यांना. आम्ही तिथलं अर्व्हाइन सोडून गोव्यात फोंड्याला आलो त्याला आता बरीच वर्षं झाली. या यादीतून नाव काढलं नाही एवढ्यावर कोणी गेट उघडणार नाही.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात सांगते. डिस्नेलँड बघायला जायची मे २०२० ची तिकिटं काढली होती. थोरली तिथून निघाली तेव्हा कडेवर होती, धाकटा इथलाच जन्म. नणंदेच्या घरचे धरून मोठं लटांबर जाणार होतं. १४ मार्च २०२० ला कोरोनामुळे पार्क बंद झालं आणि पाठोपाठ इथली आंतरराष्ट्रीय विमानंही. त्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. सगळं जगच बंद होतं.

तक्रार आहे ती त्यानंतरची. जूनमध्ये जाहीर झालं की १७ जुलैला उघडणार, म्हणजे पार्कच्या पासष्टाव्या वाढदिवसाला. धाकट्याने कॅलेंडरवर गोल केला. मग कळलं की राज्याचे नियमच तयार नाहीत, तारीख मागे घेतली. आम्ही दिवाळीच्या सुट्टीवर नजर ठेवली. २० ऑक्टोबरला एकदाचे नियम आले, तर काय, मोठी पार्क उघडायची तर काउंटी, म्हणजे तिथला जिल्हा, पिवळ्या गटात हवी. म्हणजे लाखामागे दिवसाला एकाहून कमी रुग्ण! त्याच वेळी त्याच कंपनीचं फ्लोरिडातलं पार्क ११ जुलैपासून सुरू होतं. मुलांना हे कसं समजावायचं सांगा. "तिकडे मिकी चालतो, इकडे का नाही?" याला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

तेव्हापासून आमच्या घरात दर मंगळवारी डिस्नेलँडच्या ऑरेंज काउंटीचा रंग बघायचा कार्यक्रम असतो. सगळ्यात वाईट जांभळा, मग लाल, नारंगी, पिवळा. सासूबाईंना फोंडा तालुक्यात किती रुग्ण आहेत ते ठाऊक नसेल, पण डिस्नेलँडच्या गावचा, अनाहाइमचा, आकडा विचारा. बंद तर बंद म्हणा, वर्षभर विचारू नका म्हणा. आम्ही केळशीला जाऊन वाळूत किल्ले बांधू. पण तारीख दाखवायची आणि काढून घ्यायची, याने मुलांचं जे होतं ते बघवत नाही.

यंदाच्या मे महिन्याचं काय करायचं ते मला या आठवड्यात ठरवायचं आहे. एजंट रोज फोन करतोय. तिथे राहणाऱ्या कोणाला आतली काही खबर असेल तर कळवा. फॉरवर्ड नकोत.

---

अनाहाइमहून, ७ मार्च

वहिनी,

आतली खबर माझ्याकडे कुठली असायला! मी पार्कपासून मैलभरावर राहतो एवढंच. एरवी रात्री साडेनवाला आतषबाजी सुरू झाली की आमचा कुत्रा पलंगाखाली जायचा. आता बिचारा साडेनवाला आपण होऊन पलंगाखाली जाऊन बसतो, आवाज काही येत नाही, मग बाहेर येतो.

तुमचा राग कळतो, पण डिसेंबरात इथे काय झालं तेही ध्यानात घ्या. सदर्न कॅलिफोर्नियातल्या आयसीयू खाटांची उपलब्धता सरकारी हिशेबात शून्य टक्क्यांवर आली होती. आमच्या गल्लीत रात्रभर रुग्णवाहिका. त्या दिवसांत कोणी पार्क उघडा म्हटलं असतं तर मीच भांडलो असतो. फ्लोरिडाने उघडलं म्हणून ते शहाणे आणि हे वेडे, असं मला वाटत नाही.

आता नवीन नियम. काउंटी लाल गटात आली तर क्षमतेच्या १५ टक्के माणसं, नारंगीत २५, पिवळ्यात ३५. आमची काउंटी अजून जांभळ्यातच आहे, पण आकडे झपाट्याने उतरताहेत. आठ-पंधरा दिवसांत लाल होईल असा माझा अंदाज. परवानगी मिळाली म्हणजे पार्क उघडलं असं मात्र नाही. कामगार वर्षभर घरी आहेत. त्यांना बोलवायचं, शिकवायचं, रांगांच्या खुणा आखायच्या. आमचे शेजारी तिथे स्वयंपाकघरात होते, ते सप्टेंबरात नोकरी गेलेल्या २८ हजारांतले. कंपनीने अमेरिकेत तेवढी माणसं काढायचं जाहीर केलं होतं. ते आता एका गोदामात कामाला लागलेत, परत जातील असं दिसत नाही.

बाकी डिस्नेलँडला आम्ही नवरा-बायको जानेवारीत जाऊन आलो. त्यांच्या पार्किंगमध्ये काउंटीचं लसीकरण केंद्र होतं. टोचून घेतलं आणि आलो.

---

कळंगुटहून, ९ मार्च

वहिनी, काका,

मी यादीवर फारसा लिहीत नाही, पण ही चर्चा वाचून राहवलं नाही. मी काउंटरच्या पलीकडच्या बाजूला आहे. आमच्या चार खोल्या आहेत, किनाऱ्यापासून आत.

तुम्ही दर मंगळवारी रंग बघता, तसे आमच्याकडे रोज फोन येतात. बीच चालू आहे? शॅक लागले? टेस्ट लागते? गेल्या २ जुलैला आपल्या गोवा सरकारने पर्यटकांना दार उघडलं तेव्हा निगेटिव्ह दाखला हवा होता, मान्यता असलेलीच हॉटेलं चालत होती. सप्टेंबरात सीमा मोकळ्या झाल्या. नोव्हेंबरात कॅसिनो उघडले. प्रत्येक वेळी मी गिऱ्हाइकाला एक सांगायचो आणि आठवड्याने नियम दुसराच. लोक मला खोटारडा म्हणायचे. एका पुण्याच्या गृहस्थांनी तर फोनवर आवाज चढवला, "तुम्हाला नक्की माहीत नाही तर धंदा कशाला करता?" काय बोलणार?

नाताळात दिल्ली-बंगळुरूची गर्दी झाली, खोल्या भरल्या, नाही म्हणत नाही. पण चार्टर विमानं या मोसमात आलीच नाहीत. माझे वर्षानुवर्षं येणारे एक इंग्रज जोडपं आहे, दोघं सत्तरीच्या पुढचे. त्यांची आगाऊ रक्कम मी परत करायला निघालो तर नको म्हणाले, पुढच्या वेळी धर. वहीत त्यांच्या नावापुढची तारीख मी पेन्सिलने लिहितो. इतक्यांदा खोडलीय की तिथे कागद पातळ झालाय.

म्हणून वाटतं, तारीख देणाऱ्यालाही ती कोणीतरी वरून दिलेली असते. पण वहिनींचं एक म्हणणं शंभर टक्के मान्य. माहीत नसेल तर "माहीत नाही" म्हणावं. मी आता तेच म्हणतो. चार गिऱ्हाइकं कमी होतात, पण शिव्या खाव्या लागत नाहीत.

जाता जाता: जपानमधल्या एका पार्कने रोलर कोस्टरवर ओरडू नका, मनातल्या मनात किंचाळा अशी सूचना काढली होती म्हणे. आम्ही पर्यटनवाले वर्षभर तेच करतोय.

---

यादीचालक, ९ मार्च

कृपया उत्तर देताना खालचं सगळं जुनं पत्र जोडू नये. काही ज्येष्ठ सदस्य यादी फोनवर वाचतात. शिगम्याच्या झूम कार्यक्रमाची चौकशी या धाग्यात नको.

---

अनाहाइमहून, १८ मार्च

वहिनी, तारीख आली. ३० एप्रिल.

काउंटी गेल्या रविवारी लाल गटात गेली आणि काल कंपनीने जाहीर केलं. आधी दिवस आरक्षित करायचा, मगच प्रवेश. मिरवणुका नाहीत, रात्रीची आतषबाजी नाही. मिकी-मिनी लांबून हात हलवणार, गळ्यात पडायचं नाही. दहा हजारांवर कामगार परत बोलावताहेत. आणि हो, सध्या फक्त कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांनाच. बाहेरच्यांना कधी, यावर चकार शब्द नाही.

शेजारच्या त्यांच्याच कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर पार्कमध्ये आजपासून खाण्यापिण्याचा एक कार्यक्रम सुरू झालाय, तिकीट ७५ डॉलर. आत जायचं, खायचं, हिंडायचं, राइड एकही नाही. आमच्या हिने विचारलं, "७५ डॉलर देऊन बंद पाळणे बघायचे?" तिकडे मात्र उड्या पडताहेत.

---

फोंड्याहून, १९ मार्च

काका, आभार. तुम्ही निदान तारखेबरोबर अटही लिहिलीत.

काल रात्री जेवताना मुलांना सांगितलं. थोरलीने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "आई, आतषबाजी नाही, मिरवणूक नाही, मिकीला हात लावायचा नाही, आणि त्यासाठी मुंबईहून अठरा-वीस तासांचा प्रवास मास्क लावून? मला नको." तिचं दहावीचं वर्ष, परीक्षा मे महिन्यात आहे, तीही नक्की होईल का ते कोणी सांगत नाही. धाकट्याचं तसं नाही. तो म्हणतो, मामाच्या पत्त्यावर राहायला गेलो तर मी कॅलिफोर्नियाचा होईन ना? या वयात रहिवासी दाखल्याची युक्ती सुचते म्हणजे गोमंतकीय रक्त आहे.

सासूबाईंचा व्हिसा तर अजून लटकलेलाच आहे. मुंबईची मुलाखत गेल्या मार्चमध्ये रद्द झाली, नवी तारीख मिळत नाही. त्यांना इथे लसीचा पहिला डोस मिळालाय, आणि आता माझ्यासाठी अडून राहू नका म्हणून रोज सांगतात.

तर मे महिन्याचा बेत रद्द. हे ठरवल्यावर उलट डोकं हलकं झालं. पण आता दुसरी डोकेदुखी. मे २०२० च्या विमान तिकिटांचे पैसे एजंटकडे व्हाउचर म्हणून पडून आहेत. तो म्हणतो, ३१ मार्चच्या आत नवी तारीख घ्या, नाहीतर व्हाउचर बाद. म्हणजे कुठे जायचं माहीत नाही, जाता येईल का माहीत नाही, पण तारीख मात्र द्या! आमच्यासारख्या मध्यमवर्गीय घराला ही रक्कम लहान नाही. कोणाला असा अनुभव आहे का?

---

पणजीहून, २० मार्च

वहिनी, काहीही तारीख घेऊ नका. थांबा.

सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० ला याच विषयावर आदेश दिलाय. टाळेबंदीमुळे रद्द झालेल्या प्रवासाचे पैसे विमान कंपनीला लगेच देता येत नसतील, तर प्रवाशाच्या नावावर क्रेडिट ठेवायचं. ते प्रवाशाने ३१ मार्च २०२१ पर्यंत कुठल्याही मार्गासाठी वापरावं किंवा दुसऱ्याला द्यावं. आणि त्या तारखेपर्यंत वापरलं नाही, तर उरलेली रक्कम रोख परत करायची. शिवाय जून २०२० पर्यंत दरमहा अर्धा टक्का आणि पुढे दरमहा पाऊण टक्का वाढ त्यात धरायची.

म्हणजे ३१ मार्चला तुमचे पैसे बुडत नाहीत, उलट त्यानंतर ते रोख मागायचा तुमचा हक्क सुरू होतो. एजंट नेमकं उलटं सांगतोय. मुद्दाम की अज्ञानाने, ते तुम्ही ठरवा. तुमचा प्रवास मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यातला होता ना? २४ मे २०२० च्या आतला हवा, एवढं तिकिटावर तपासा. आदेशाची प्रत वेगळी पाठवतो. छापून न्या, आणि जे काही बोलणं होईल ते त्याच्याकडून लेखी घ्या. फोनवरच्या "बघतो, करतो"ला काही अर्थ नाही.

---

कळंगुटहून, २० मार्च

वकीलसाहेब, हे खोल्यांच्या आगाऊ रकमेलाही लागू होतं का? पोटात गोळा आला म्हणून विचारतो.

---

पणजीहून, २० मार्च

नाही. विमानापुरतंच. झोपा.

---

फोंड्याहून, २३ मार्च

मंडळी,

तिकीट तपासलं, २ मे चं आहे. काल आदेशाची प्रत घेऊन एजंटच्या ऑफिसात गेले. आधी "मॅडम, हे मोठ्या कंपन्यांसाठी असतं" झालं. मग त्याने पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, आतल्या खोलीत जाऊन कोणाला तरी फोन केला. बाहेर आला तो चहा सांगतच. आता १ एप्रिलला अर्ज द्यायचा आणि विमान कंपनीकडून आले की पैसे खात्यात, असं त्याच्या शिक्क्यानिशी लिहून आणलंय. टक्केवारीचा विषय काढला तेव्हा चहा एकदम गार झाला, पण सोडणार नाही. वकीलसाहेब, मानकुराद आंबे उतरले की पहिली डझन तुमच्याकडे. सध्याचा भाव विचारू नका.

पुढच्या वर्षीचं मी आज काही ठरवणार नाही. बाहेरच्यांना प्रवेश सुरू झाल्याचं अधिकृत पत्रक कोणी पाठवलं, तरच बोलू. नणंदेलाही तेच सांगितलंय. मंगळवारचं रंग बघणं बंद केलंय, सासूबाई मात्र चोरून बघतात.

काका, ३० एप्रिलला तुम्हाला आरक्षण मिळालं तर जरूर जा. फोटो मात्र माझ्या खासगी पत्त्यावर पाठवा, यादीवर नकोत. धाकटा माझ्या फोनवरून यादी वाचतो.