तैलरंगात वाईचा घाट: धुकं जमत नाहीये

कृष्णाकाठ:
पलीकडच्या काठावरून पहाटेचा गणपती घाट रंगवतोय. पायऱ्या, ढोल्या गणपतीचं शिखर, मागे डोंगर, सगळं जागच्या जागी आहे, पण देऊळ कापून चिकटवल्यासारखं दिसतं. वरून पांढऱ्याचा पातळ हात फिरवला तर चित्र नुसतं भुरकट झालं. शिवाय ऊन आलं की धुकं तासाभरात जातं. जाणकारांनी सांगावं.

जुना कुंचला:
दादा, धुकं वरून लावू नका, पहिल्यापासून रंगातच असू द्या. नदीवरचं धुकं पाण्यालगत बसतं, म्हणून पायऱ्या आधी विरतात आणि कळस सगळ्यात स्पष्ट राहतो. आपण उलटं करतो. पायऱ्या तिथे आहेत हे ठाऊक असतं, म्हणून एकेक काढत बसतो. खालच्या पायऱ्या पाण्याच्या रंगात जाऊ द्या. रंग ओला असतानाच कोरड्या, स्वच्छ ब्रशने कड हलकेच ओढा.

काळी ट्यूब बाजूला ठेवा. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळून करडा करा. आकाशासाठी केलेला रंग थोडा थोडा डोंगरात, सावलीत, पाण्यात मिसळा.

आणि देवळाची मागची भिंत नीट बघा! ती मत्स्याकार आहे, पुराचं पाणी फाटून दोन्ही बाजूंनी जावं म्हणून. १७६२ साली सरदार रास्त्यांनी देऊळ बांधलं, तेव्हापासून ती कृष्णेचे पूर झेलतेय. तिथे सरळ कोपरा काढलात तर देऊळ सपाटच दिसणार. सावली त्या गोलाईवरून हळूहळू वळली पाहिजे. माझ्या मते तुमची खरी अडचण धुक्यापेक्षा इथेच आहे.

तासाभराचं म्हणाल, तर फ्रेंच चित्रकार मोनेने १८९९ ते १९०१ दरम्यान लंडनची थेम्स नदी रंगवताना एकाच वेळी अनेक कॅनव्हास चालू ठेवले होते. उजेड बदलला की तो दुसरा कॅनव्हास घ्यायचा. बरीचशी चित्रं पुढे फ्रान्सला, जिव्हर्नीच्या स्टुडिओत पुरी केली. तुम्हीही घाटावर फक्त रंगांची छोटी टिपणं करा, मोठं चित्र घरी.

रंगपेटी:
पांढऱ्यासाठी टायटॅनियम व्हाइटऐवजी झिंक व्हाइट घ्या, ते जास्त पारदर्शक असतं.

जुना कुंचला:
पारदर्शक असतं खरं, पण झिंकचा थर काही वर्षांनी ठिसूळ होतो, तडे जातात. खालच्या थरात तर नकोच. टायटॅनियमच ठेवा, फक्त बेताने.

कृष्णाकाठ:
भिंतीचा कोपरा सरळच काढला होता, सर. आज तेवढा भाग खरवडून पुन्हा घेतो. त्यावरच्या थरात जवसाचं तेल वाढवू का?

जुना कुंचला:
हो, खालच्या थरापेक्षा वरच्यात तेल थोडं जास्तच हवं. आणि खालचा हाताला कोरडा लागल्याशिवाय वर जाऊ नका.