लिनक्सवर आवाज बंद पडला: तपास खालून वर करावा की वरून खाली?

पेचकस (धागाकर्ता)

डेस्कटॉपवर लिनक्समध्ये आवाज येत नाही म्हटलं की ठरलेला सल्ला मिळतो: पल्सऑडिओ (प्रोग्रॅमचे आवाज गोळा करून कार्डाकडे पाठवणारा साउंड सर्व्हर) काढा, पुन्हा टाका, मशीन रीस्टार्ट करा. हा सल्ला २००८ च्या सुमाराचा आहे. उबुंटू या डिस्ट्रोच्या (लिनक्सच्या तयार रूपाच्या) ८.०४ आवृत्तीत पल्सऑडिओ पहिल्यांदा मुळातच बसवलेलं आलं तेव्हा ते कच्चं होतं आणि ते उडवलं की पुष्कळांचा आवाज खरंच परत यायचा. आज फेडोरा ३४ पासून, उबुंटू २२.१० पासून, मिंट २२ पासून हे काम पाइपवायर करतं. त्याच्या डोक्यावर पल्सऑडिओ आणून बसवलं की दोघं एकाच खुर्चीसाठी भांडतात. वर पॅकेज मॅनेजर (प्रोग्रॅम बसवणारं-काढणारं साधन) सोबत काय काय उचलून नेणार, याची यादी न वाचताच लोक 'होय' दाबतात.

माझं मत असं की तपास कायम खालून वर करावा: वायर, कर्नल (सिस्टीमचा गाभा), अल्सा (कर्नलमधली आवाजाची यंत्रणा), पाइपवायर, आणि शेवटी प्रोग्रॅम. (आज्ञा इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर रोमनमध्येच टाइप करायच्या.)

आधी 'एप्ले -एल', यातला एल छोटा. यादीत कार्डच नसेल तर दोष कर्नलच्या पातळीवर आहे, पाइपवायरला हात लावायचं कारणच नाही. 'सुडो डीमेसेज' (कर्नलच्या संदेशांची नोंद; सुडो म्हणजे रूट या प्रशासकाच्या अधिकाराने) मध्ये एसएनडी शोधा, काही ना काही तक्रार सापडते.

कार्ड दिसलं तर 'अल्सामिक्सर' उघडा, एफ६ दाबून खरं कार्ड निवडा. पट्टीखाली एमएम दिसलं तर ती म्यूट आहे, एम दाबलं की ओओ होतं. मास्टर, फ्रंट, हेडफोन या तिन्ही पट्ट्या बघा. उजवीकडे सरकत गेलात की 'ऑटो-म्यूट मोड' सापडेल. कॅबिनेटच्या पुढच्या जॅकमध्ये हेडफोन असला, किंवा जॅकची पत्ती वाकून तो असल्याचा भास होत असला, तर हा मोड मागचे स्पीकर बंद करतो. तो डिसेबल्ड करा.

मग थेट हार्डवेअरवर: 'स्पीकर-टेस्ट -सी २ -टी वेव्ह -डी प्लगएचडब्ल्यू:१,०'. यातली -डी मोठी, बाकी सगळं लहान. १ हा कार्डाचा आणि ० हा उपकरणाचा क्रमांक, दोन्ही पहिल्या यादीतून घ्यायचे. 'बिझी' आलं तर गाणी, ब्राउझर सगळं बंद करून पाच-सात सेकंद थांबा. वापरात नसलेलं कार्ड पाइपवायर साधारण ५ सेकंदांनी सोडून देतं. इथे आवाज आला म्हणजे वायर, कार्ड, कर्नल सगळं ठीक आणि गोंधळ वरच्या मजल्यावर.

साधासुधा

असहमत. आवाज बंद म्हणून विचारणाऱ्या माणसाला पहिल्याच मिनिटाला अल्सामिक्सरमध्ये ढकलणं म्हणजे नळाला पाणी नाही म्हणून आधी विहीर उपसायला लावणं.

डेस्कटॉपवर नेहमी दिसणारं कारण साधं असतं. मॉनिटर एचडीएमआयने किंवा डिस्प्लेपोर्टने जोडलेला असतो, ग्राफिक कार्ड तोही एक आवाजाचा मार्ग म्हणून दाखवतं, आणि सिस्टीमने तोच निवडलेला असतो. मॉनिटरला स्पीकरच नाहीत! सेटिंग्जमध्ये साउंड, त्यात आउटपुट, तिथे 'अ‍ॅनालॉग' निवडा. दहा सेकंदांचं काम.

तेवढ्याने भागलं नाही तर 'पॅव्हूकंट्रोल' टाका. नाव पल्सऑडिओचं असलं तरी पाइपवायरवर व्यवस्थित चालतं. गाणं सुरू ठेवून 'प्लेबॅक' टॅबमध्ये पट्टी हलते का बघा. हलत नसेल तर प्रोग्रॅमच आवाज पाठवत नाही, ब्राउझरचा टॅब म्यूट असेल. हलते पण कानावर काही नाही, तर प्रश्न खाली. एका नजरेत अर्धा तपास संपतो. मग 'कॉन्फिगरेशन' टॅबमध्ये प्रोफाइल 'ऑफ' तर नाही ना ते पाहायचं.

अल्सामिक्सरचा आणखी एक ताप आहे. पाइपवायर असताना ते उघडलं की आधी 'डिफॉल्ट' नावाचं आभासी कार्ड दिसतं, त्यात एकच मास्टर, तोही १०० वर. माणूस म्हणतो सगळं ठीक आहे, आणि बंद करतो. एफ६ कुणाच्या लक्षात राहतं? आणि ज्यांच्या लक्षात राहतं ते सगळ्याच पट्ट्या शेंड्याला नेतात, माइक बूस्टसकट. मग पुढचा प्रश्न येतो की माइकमध्ये नुसता फुसफुसाट आहे.

पेचकस

पट्टीची युक्ती चांगली आहे, मान्य. पण यादीत 'डमी आउटपुट' एवढंच असेल तेव्हा तुमच्या पद्धतीत निवडायला काय उरतं? तिथून खाली उतरावंच लागतं.

डमी म्हणजे पाइपवायरला वापरता येण्याजोगं एकही कार्ड मिळालं नाही. कारणं वेगवेगळी असतात. कर्नललाच कार्ड सापडलं नसेल. किंवा सापडलं, पण दुसऱ्याच कुणी धरून ठेवलंय. त्यासाठी 'सुडो फ्यूझर -व्ही /डेव्ह/एसएनडी/*', यात कोणता प्रोग्रॅम बसलाय ते नावानिशी दिसतं. किंवा फर्मवेअर (आवाजाच्या चिपला आत लागणारं सॉफ्टवेअर) नाही. डेस्कटॉपवर हे क्वचित होतं, पण इंटेलचे अलीकडचे लॅपटॉप साउंड ओपन फर्मवेअरवर चालतात. त्याचं पॅकेज डेबियनमध्ये 'फर्मवेअर-एसओएफ-साइन्ड', फेडोरात 'अल्सा-एसओएफ-फर्मवेअर', आर्चमध्ये 'एसओएफ-फर्मवेअर'. एकाच वस्तूची तीन नावं, म्हणून दुसऱ्या डिस्ट्रोचा सल्ला जसाच्या तसा उतरवू नये.

होम फोल्डरमधली '.असाउंडआरसी' ही लपलेली फाइलही बघा. कुठूनतरी चार ओळी आणून तिच्यात डकवलेल्या असतात आणि त्यात डिफॉल्ट थेट हार्डवेअरकडे वळवलेलं असतं. अशा वेळी एक प्रोग्रॅम कार्ड धरून बसतो आणि बाकीच्यांना 'बिझी'. फाइलचं नाव बदलून ठेवा, लॉगआउट करून परत या.

टर्मिनलवाला

एक कार्ड, दोन स्पीकर असलेल्या डेस्कटॉपला मुळात साउंड सर्व्हर हवा कशाला? अल्सात डीमिक्स आहे, ते अनेक प्रोग्रॅमचे आवाज एकत्र करतं. जितके मजले कमी तितक्या गळक्या जागा कमी. पाइपवायरच काढा, दोन्ही बाजूंचा वाद मिटला.

साधासुधा

वाद मिटेल, ब्राउझरचा आवाजही जाईल. फायरफॉक्सने आवृत्ती ५२ मध्ये, म्हणजे २०१७ साली, आपल्या अधिकृत बांधणीतून अल्साचा थेट आधार काढला, त्याला पल्सऑडिओच्या भाषेत बोलणारं कुणीतरी समोर लागतं. ब्लूटूथ हेडफोनसाठी वेगळी जुळणी करावी लागेल. वेलँडवर (नव्या पडदा-व्यवस्थेवर) स्क्रीन शेअर करायलाही पाइपवायर लागतं. उबुंटू २२.०४ मध्ये तर आवाजासाठी पल्सऑडिओच होतं आणि पाइपवायर निव्वळ या पडद्याच्या कामाला ठेवलं होतं. मजले कमी करायची हौस सर्व्हर मशीनवर भागवा.

टर्मिनलवाला

फायरफॉक्सचं खरं आहे. पण डिस्ट्रोवाले स्वतः बांधतात त्यात अल्सा चालू ठेवता येतं. असो, सगळ्यांनी करावं असं नव्हेच.

कानसेन

तुम्ही सगळे 'आवाज नाही' यावरच अडकलात. 'आवाज आहे पण वाईट आहे' या तक्रारीचं काय? तिथे खालून वर जा नाहीतर वरून खाली या, प्रत्येक मजला सांगणार की सगळं आलबेल आहे.

'टक्' असा आवाज गाणं सुरू होताना किंवा संपल्यावर काही सेकंदांनी येत असेल तर कोडेक (आवाजाची चिप) झोपतोय आणि जागा होतोय. '/सिस/मॉड्यूल/एसएनडी_एचडीए_इंटेल/पॅरामीटर्स/पॉवर_सेव्ह' ही फाइल वाचा. १ किंवा १० असेल तर तितक्या सेकंदांनी वीज तोडली जाते. '/ईटीसी/मॉडप्रोब.डी/' मध्ये .कॉन्फ शेवट असलेली फाइल करून त्यात एकच ओळ: 'ऑप्शन्स एसएनडी_एचडीए_इंटेल पॉवर_सेव्ह=०', मग रीबूट. नावात इंटेल असलं तरी एएमडीच्या मदरबोर्डवरही हाच ड्रायव्हर असतो.

एचडीएमआयवर वाक्यातला पहिला शब्द गिळला जातो, तो प्रकार निराळा. तिथे पाइपवायरचा साथी वायरप्लंबर ५ सेकंदांनी मार्ग बंद करतो आणि मॉनिटर किंवा टीव्हीला तो पुन्हा पकडायला वेळ लागतो. 'सेशन.सस्पेंड-टाइमआउट-सेकंड्स' ० करा. पण आधी वायरप्लंबरची आवृत्ती पाहा. ०.४ पर्यंत सेटिंग लुआ भाषेत लिहायचं, ०.५ पासून साध्या .कॉन्फ फाइलमध्ये. जुनी लुआ फाइल नवी आवृत्ती वाचतच नाही, आणि माणूस बसतो शून्याचे भोपळे मोजत.

खरखर, तुटक आवाज: 'पीडब्ल्यू-टॉप' चालवा, ईआरआर स्तंभ बघा. गाणं चालू असताना तो आकडा वाढत असेल तर वेळेत माल पोचत नाहीये. पाइपवायर सहसा १०२४ नमुन्यांच्या घासात काम करतं, ४८,००० च्या दराने म्हणजे साधारण २१ मिलिसेकंद. घास दुप्पट करा: 'पीडब्ल्यू-मेटाडेटा -एन सेटिंग्ज ० क्लॉक.फोर्स-क्वांटम २०४८'. लगेच लागू होतं, ४३ मिलिसेकंदांच्या आसपास जातं, आणि २०४८ ऐवजी ० दिलं की पूर्ववत. सिनेमा बघणाऱ्याला हा उशीर जाणवत नाही. मिडी कीबोर्ड वाजवणाऱ्याला मात्र बोट आणि सूर यांत फट पडल्यासारखं वाटेल, त्याने हे करू नये.

तिसरीपिन

सततचा 'हूं' असा गुणगुणाट येत असेल तर टर्मिनल बंद करा, ते सॉफ्टवेअरचं काम नाही. स्पीकरची पिन पीसीतून उपटा. गुणगुण तशीच राहिली तर दोष स्पीकरमध्ये किंवा त्याच्या अ‍ॅडॉप्टरमध्ये. पिन लावल्यावरच येत असेल तर अर्थिंगचा वेढा पडलाय: पीसी एका भिंतीच्या सॉकेटवर, अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्यावर, आणि दोघांची जमीन ऑडिओच्या वायरीतून एकमेकांना भेटते. दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. अर्थिंगची पिन काढून टाकायचा सल्ला देणारे महाभाग असतात. गुणगुण जाते आणि कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. ते करू नका.

माउस हलवला की किंवा खेळ सुरू केला की किरकिर वाढते? पुढच्या जॅकची वायर कॅबिनेटच्या आत ग्राफिक कार्डाच्या अंगावरून गेलेली असते. मागचा हिरवा जॅक वापरा, नाहीतर साधा यूएसबी डॅक (बाहेरून जोडायचं छोटं आवाजाचं कार्ड) घ्या. आणि पुढचा जॅक मुळीच चालत नसेल तर कॅबिनेट उघडून बघा: जुन्या कॅबिनेटच्या त्या वायरीला दोन टोकं असतात, एकावर 'एचडी ऑडिओ', दुसऱ्यावर 'एसी ९७'. एचडीचंच टोक बोर्डावर बसवायचं आणि बायोसमध्ये फ्रंट पॅनल असा पर्याय असल्यास तोही एचडीवर ठेवायचा. एसी ९७ वर जॅकमध्ये काही खोचल्याचं बोर्डाला कळत नाही, म्हणून आवाज आपोआप वळत नाही.

पेचकस

हे सगळं माझ्याच बाजूचं झालं की. वायर पहिली!

कानसेन, तुमच्या पॉवर_सेव्हच्या ओळीला एक अपवाद जोडा. काही नव्या मदरबोर्डांवर रिअलटेकचा एएलसी ४०८० असतो, तो आतल्या आत यूएसबीने जोडलेला आहे. त्याला एसएनडी_यूएसबी_ऑडिओ ड्रायव्हर लागतो, एचडीएवाल्या ओळी कितीही लिहा, काही होत नाही. 'एप्ले -एल' मध्ये तो यूएसबी ऑडिओ म्हणून दिसतो. म्हणून म्हणतो की पहिली आज्ञा तीच. कार्डाचा क्रमांकही कुठल्या फाइलमध्ये कायमचा लिहू नका, यूएसबीचं काही जोडलेलं असताना रीबूट केलं की तो बदलू शकतो. '/प्रॉक/असाउंड/कार्ड्स' मध्ये चौकटी कंसात नाव असतं, पीसीएच, जेनेरिक, एनव्हिडिया असं. ते वापरा.

साधासुधा

आणि तुमच्या स्पीकर-टेस्टला माझा अपवाद. विंडोज आणि लिनक्स एकाच मशीनवर असतील आणि विंडोजमधून थेट रीस्टार्ट करून लिनक्समध्ये आलात, तर कोडेक कधीकधी विंडोजने ठेवलेल्या अवस्थेतच राहतो. कार्ड यादीत, अल्सामिक्सरमध्ये सगळं ओओ, स्पीकर-टेस्टची एकही तक्रार नाही, आणि शांतता. तुमच्या नियमाने हार्डवेअर गेलं म्हणायचं. प्रत्यक्षात मशीन पूर्ण बंद करून, एसएमपीएसचं (वीजपुरवठ्याच्या डब्याचं) मागचं बटण अर्धा मिनिट बंद ठेवून सुरू केलं की काम होतं. विंडोजचं फास्ट स्टार्टअपही बंद करून टाकावं.

कानसेन

रीसेट सांगताना एक लिहा, लोक हटकून चुकतात: 'सिस्टिमसीटीएल --यूझर रीस्टार्ट वायरप्लंबर पाइपवायर पाइपवायर-पल्स', याच्या आधी सुडो लावायचं नाही. या सेवा तुमच्या लॉगिनच्या आहेत. सुडो लावलं की रूटच्या सत्रात शोधाशोध होते आणि भलतीच त्रुटी येते. तरीही चुकीचं आउटपुट चिकटून बसलं तर '~/.लोकल/स्टेट/वायरप्लंबर' या फोल्डरचं नाव बदला आणि पुन्हा रीस्टार्ट. निवडलेली आउटपुट, प्रोफाइल, आवाजाची पातळी हे सगळं तिथे साठतं. डिलीट नको, नाव बदला, परत हवं असलं तर असावं.

टर्मिनलवाला

विचारणाऱ्याने निदान 'पॅक्टल इन्फो' मधली सर्व्हर नेम ही ओळ द्यावी. पाइपवायर असेल तर तिथेच 'पल्सऑडिओ (ऑन पाइपवायर...)' असं आवृत्तीसकट येतं. त्याशिवाय उत्तर देणारा अंधारात दगड मारतो.

साधासुधा

ती ओळ, 'एप्ले -एल' आणि 'डब्ल्यूपीसीटीएल स्टेटस', या तिन्हींचं पूर्ण आउटपुट. शेवटच्यात ज्या मार्गापुढे तारा आहे तो सध्याचा डिफॉल्ट. 'डब्ल्यूपीसीटीएल सेट-डिफॉल्ट' पुढे हव्या त्या मार्गाचा क्रमांक दिला की बदलतो. पण हे मदत मागताना. स्वतः शोधताना मी सेटिंग्जमधलं आउटपुटच आधी बघायला सांगणार.

पेचकस

सांगा. मी शून्यावी पायरी म्हणून 'स्पीकरचा दिवा लागलाय का आणि मशीन पूर्ण बंद करून पाहिलंत का' एवढं जोडतो. एप्लेचा नंबर त्याच्यानंतर, सेटिंग्जच्या आधीच.