पान्तानीचा चढ, पोगाचारची वेळ

'सगळेच सायकलपटू उत्तेजक औषधं घेतात, मग सायकलिंग बघायचं कशाला?' हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. २०२४ च्या टूर द फ्रान्स शर्यतीत स्लोव्हेनियाचा तादेय पोगाचार प्लातो द बेय या डोंगराचा चढ इटलीच्या मार्को पान्तानीच्या १९९८ मधल्या, म्हणजे औषधांसाठी बदनाम काळातल्या, वेळेपेक्षा तीन मिनिटांहून जास्त लवकर चढला, तेव्हा शंका माझ्याही मनात आली. पण पान्तानीच्या काळात बायोलॉजिकल पासपोर्ट, म्हणजे प्रत्येक खेळाडूच्या रक्तचाचण्यांची सलग नोंद, नव्हता. तो २००८ मध्ये आला. एखादी चाचणी चुकवता येते, वर्षानुवर्षांच्या रक्ताच्या नोंदींना फसवणं खूप कठीण. शिवाय सायकली बदलल्या, आहार बदलला. औषधं घेतल्याबद्दल लान्स आर्मस्ट्राँगची टूरची सातही विजेतेपदं काढून घेतली तेव्हा मी रडलो होतो, तरी बघणं सोडलं नाही.

मी स्वतःही रविवारी पहाटे गोव्यातल्या केरीहून सायकलने चोर्ला घाट चढतो.