रोज पोळी घालता, मग नसबंदी कोणी करायची?

निशिगंध: सुप्रीम कोर्टाने 22 ऑगस्ट 2025 ला दिल्ली परिसरातल्या भटक्या कुत्र्यांबद्दलचा आधीचा आदेश बदलला. नसबंदी आणि लस झालेली कुत्री पकडली तिथेच परत सोडायची, पिसाळलेली आणि आक्रमक वगळून. खाऊ घालायचं तेही ठरवून दिलेल्या जागीच. माझं मत : जो रोज खाऊ घालतो, त्याने नसबंदी आणि रेबीजच्या लशीचंही बघावं. पालिकेची गाडी आली की कुत्री पांगतात, पण ओळखीच्या हाताला येतात. म्हणून पट्टा त्यानेच बांधून द्यावा. नसबंदीच्या आदल्या रात्री खाणं बंद. भरल्या पोटी भूल दिली तर उलटी श्वासनलिकेत जाते. गल्लीतली एखादी मादी नसबंदीविना राहून गेली तरी गाभण झाल्यापासून सुमारे 63 दिवसांत पिल्लं होतात आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

दगडफूल: पटत नाही. जिथे खाणं मिळतं ती जागा कुत्री आपली मानतात आणि सायकलवरच्या पोरामागे धावतात. नसबंदी झालेलं कुत्रंही चावतं. मग जखम 15 मिनिटं साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवा, 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी लस घ्या, रक्त आलं असेल तर इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन). रोजंदारीवरच्या माणसाचे चार खाडे होतात. खाणं घालणं बंदच व्हायला हवं.

निशिगंध: बंद केलं तर कुत्री कचराकुंडीवर जातील, तिथे भांडणं जास्त. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतच आहे : जिना, इमारतीचं दार, मुलांची खेळायची जागा टाळायची. एकच ढीग घालू नये, दर कुत्र्याला वेगळं ताट, मध्ये पाचसहा फूट अंतर. वीस मिनिटांनी उरलेलं उचलायचं. कोंबडीची शिजवलेली हाडं अजिबात नकोत, त्यांच्या अणकुच्या आतड्यात घुसतात.

वळचण: पाळीव कुत्र्यांबद्दल कोणीच बोलत नाही. नसबंदी न केलेला नर मोकळा सोडला की गल्लीची मेहनत वाया. पाळलेलं जनावर सोडून देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये! एवढ्याला कोण घाबरणार?

दगडफूल: ते मान्य. पण निशिगंध, कानाची कापलेली कड बघून लोक निर्धास्त होतात, ती खूण नसबंदीची आणि तेव्हा दिलेल्या लशीची. रेबीजची लस दरवर्षी लागते. यंदा दिली की नाही हे कोणाला कळणार?

निशिगंध: बरोबर, इथेच बहुतेक ठिकाणी ढिलाई होते. रखवालदाराच्या खोलीत वही ठेवावी : रंग, नर की मादी, कानाची खूण, लशीची तारीख.

दगडफूल: आणि चावलेल्याच्या बुडालेल्या मजुरीचा रकाना?

निशिगंध: तोही हवा. खाऊ घालणाऱ्यांनी महिन्याला वर्गणी काढावी, त्यातूनच ती मजुरी द्यावी.